झोपलेल्या आचलकडे बघताना

लाईन गेली आणि कूलर थांबला. झालं एवढंच. मे महिन्यातला दुसरा शनिवार, दुपारचे अडीच, बाहेर पंचेचाळीसच्या वर ऊन. अकोल्यात अशा वेळी कुणी कुणाच्या दारात जात नाही, कुत्रीसुद्धा नालीत जाऊन पडतात. आम्ही तिघी पुढच्या खोलीत खाली गाद्या टाकून झोपलो होतो. कूलरच्या तोंडासमोर माझी मुलगी आचल, सहा वर्षांची. मग मी, तिच्याकडे पाठ करून. आणि भिंतीकडे माझ्या सासूबाई, जमुनाबाई. कूलर जुना, पत्र्याचा. त्याच्यापुढे साधं बोलायचं तरी भांडल्यासारखं बोलावं लागतं. तो मार्चअखेरीला सुरू होतो आणि जून निम्मा होईपर्यंत दिवसरात्र चालतो, त्यामुळे वर्षातले अडीच महिने आमच्या घरात कुणाला कुणाचं काही ऐकू येत नाही आणि घर सुखात असतं. तर तो थांबला. पंखा गरगरत हळू झाला, बाजूच्या गवताच्या ताट्यांमधून पाणी खाली टाकीत ठिबकायला लागलं, आणि त्या ठिबकण्याच्या मागून मला आचलचं घोरणं ऐकू आलं. ती घोरते हे घरात सगळ्यांना माहीत होतं, त्याचं कौतुकच होतं. नवीन होतं ते पुढचं. घोरणं मध्येच तुटलं. आता येईल म्हणून मी डोळे मिटूनच वाट पाहिली, आणि वाट पाहता पाहता मन आपोआप मोजायला लागलं, कारण मोजणं हाच माझा धंदा आहे. आठ, नऊ, दहा. पाण्याचे थेंब पडत होते. बारा, तेरा. चौदाला घशात अडकलेलं काहीतरी सुटल्यासारखा आवाज झाला, आचलने एक मोठा श्वास ओढला, कूस बदलली आणि पुन्हा घोरायला लागली.

भीती वाटायला हवी होती, ती नंतर वाटली. आधी वाटलं ते नवल. सहा वर्षं ही मुलगी माझ्या शेजारी झोपते आणि तिच्या झोपेत अशी भोकं आहेत हे मला माहीत नव्हतं. तेवढ्यात दुसऱ्यांदा थांबलं. या खेपेला अकरा. मग दोन-तीन मिनिटं सरळ गेली, मग पुन्हा नऊ. मी बियाण्यांच्या प्रयोगशाळेत काम करते. सोयाबीनचे, कपाशीचे दाणे मोजून ओल्या कागदावर मांडायचे, कागदाची गुंडाळी करून उबदार कपाटात ठेवायची आणि ठरल्या दिवशी उघडून किती उगवले ते बघायचं. सोयाबीनची पहिली मोजणी पाचव्या दिवशी, शेवटची आठव्या. न उगवलेल्या दाण्यांत काही मेलेले असतात आणि काही नुसते झोपलेले, आणि वरून दोन्ही सारखेच दिसतात. नव्या मुलींना मी सांगते, घाईघाईने मेला असं लिहून मोकळ्या होऊ नका, दाबून बघा, कापून बघा, थांबा. बारा वर्षं मी हे सांगते आहे. आणि माझ्या पाठीशी, वीतभर अंतरावर काय चाललं होतं ते कळायला कूलर बंद पडावा लागला. खरं सांगते, लाज वाटली.

बघितलं नव्हतं त्याला कारण होतं. आमच्या घरात झोपलेल्या लेकराकडे बघत नाहीत. आचल पाच दिवसांची असताना मी बाजेवर बसून तिच्याकडे बघत होते, कुठलीही बाई बघेल तशी. सासूबाई शेकाची शेगडी घेऊन आत आल्या, शेगडी दारातच ठेवली, माझी हनुवटी धरली आणि तोंड भिंतीकडे वळवलं. "झोपल्या लेकराले निरखू नाही बाई. मायचीच नजर सगळ्यात पहिले लागते." रागाने म्हणाल्या नाहीत, विनवल्यासारखं म्हणाल्या. तेव्हापासून आचल झोपली की तिच्या तोंडावरून पातळ दुपट्टा आणि माझी तिच्याकडे पाठ. ही समजूत माझ्या माहेरी अमरावतीलाही होती. आजी तोंडाने म्हणायची, बघू नये, आणि स्वतः पाळण्यापाशी तासभर बघत बसायची. इथे मात्र तो कायदा होता. मी एमएस्सी झालेली बाई, आणि मी तो पाळला. का पाळला याचा या दिवसांत मी खूप विचार केला. एक म्हणजे सासूबाई माझ्या दुसऱ्या कशातच आडव्या येत नाहीत. सकाळी मला डबा करून देतात, मी उशिरा आले तर कुठे होतीस म्हणत नाहीत, माझ्या पाळीचे दिवस त्यांनी कधी मोजले नाहीत. त्यांचं हे एवढंच मागणं, ते मोडायचा जीव होईना. दुसरं म्हणजे, आणि हे कबूल करायला मला आवडत नाही, आपल्याच डोळ्यांत काही वाईट असलं तर, ही शंका एकदा मनात शिरली की कितीही शिका, ती बाहेर निघत नाही.

लाईन अजून आली नव्हती. सासूबाईंचा डोळा लागलेला होता. मी कुशीवर वळले, दुपट्टा बाजूला केला आणि बघितलं. तोंड उघडं, ओठ सुकून पापुद्रे निघालेले, मान मागे टाकलेली, केस घामाने कपाळाला चिकटलेले. डोळ्यांखाली काळं. गळ्याच्या खालचा खळगा दर श्वासाला आत ओढला जात होता. आणि मग पुन्हा थांबलं. आवाज थांबला, पण पोट हलत होतं, बरगड्या वर येत होत्या. ती श्वास घ्यायला विसरत नव्हती. ती घेत होती आणि तो मिळत नव्हता. मी तिच्या नाकाखाली बोट धरलं, तिथे काहीच नव्हतं. मागच्या कितीतरी गोष्टी एकदम आठवायला लागल्या. शाळेच्या डायरीत फेब्रुवारीपासून बाई लिहीत होत्या, वर्गात पेंगते, लक्ष नसते. अंथरूण ओलं करणं तीन वर्षांची असताना सुटलं होतं, ते या हिवाळ्यात परत सुरू झालं, आणि एवढी घोडी झालीस म्हणून मी तिला शेजारच्यांसमोर बोलले होते. जेवताना ती तोंड उघडं ठेवून चावते म्हणून मी रोज ओरडायचे, तोंड मिटून खा. एकदा ती घास गिळून म्हणाली, "मग मी श्वास कुठून घेऊ?" आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो. तिच्या बाबांनी, गजेंद्रने, तो किस्सा दुकानात चार जणांना सांगितला. ती आम्हाला सरळ सरळ सांगत होती आणि आम्ही हसलो, हे मला आता सहन होईना.

त्यानंतर आठ-दहा दिवस मी चोरून बघत राहिले. सासूबाई दुपारी पाणी भरायला उठल्या की, भाजीवाल्याशी बोलायला ओट्यावर गेल्या की. भीती होती, पण तिच्याहून मोठं कुतूहल होतं, आणि ते असावं की नसावं हेच मला कळेना. कुशीवर झोपली की कमी वेळा थांबतं. पाठीवर जास्त. आइस्क्रीम खाल्लं, सर्दी झाली की दुप्पट. प्रयोगशाळेत गुंडाळ्या उघडताना मी स्वतःचा श्वास चौदापर्यंत धरून बघायचे. दहापर्यंत काही वाटत नाही, अकराला गळा तटतटतो, तेराला डोळ्यांपुढे कागदावरचे दाणे हलायला लागतात. मी जागी होते आणि कधीही सोडू शकत होते. ती त्या वेळात कुठे असते? स्वप्नात असेल तर त्या स्वप्नात काय होत असेल? कोणी तोंड दाबतं, पाण्यात पडते, की काहीच नाही? एकदा ती उठल्यावर मी विचारलं, झोपेत काय काय दिसतं गं. ती म्हणाली, "मी पळत असते. खूप पळते. मग थकते." आणि बिस्किटाचा पुडा मागितला.

गजेंद्रचं बाळापूरला मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे. पेरणीच्या तोंडावर त्याला मान वर करायला फुरसत नसते, तरी मी त्याला जेवताना गाठलं. "अगं, घोरते म्हून कोनी डॉक्टरकडं जाते काय? आमच्या बाबाचं घोरनं तं चौकातून ऐकू ये," तो म्हणाला. मी म्हटलं, "बंद पडून पडून चालणारी मोटार तुमच्याकडे आणली तर तुम्ही काय म्हणाल?" त्याने घास हातातच धरला. "खोलून पाहा लागन, असं म्हनीन." मग जरा वेळाने, "पन लेकरू मोटार हाय का?" गजेंद्र वाईट माणूस नाही. त्याला घरात आवाज चढलेला चालत नाही आणि आईचा शब्द ओलांडायची त्याची तयारी नाही, एवढंच. म्हणून मी माहेरी जाते म्हणून सांगितलं आणि आचलला घेऊन अमरावतीची गाडी पकडली.

अमरावतीला दीपमाला नाक-कान-घशाची डॉक्टर आहे. आम्ही अकरावी-बारावीला एका बाकावर होतो. तिने आचलच्या तोंडात बघितलं, मानेचा बाजूने एक्स-रे काढायला लावला आणि तो उजेडावर धरून मला पेनाने दाखवला. नाकाच्या मागे, टाळूच्या वर मऊ मांसाची गाठ असते, सगळ्या लेकरांना असते, मोठेपणी आपोआप आकसते. काहींची मात्र वाढत जाते. आचलची एवढी वाढली होती की हवेची वाट एका काळ्या रेघेएवढी राहिली होती. "हे पाहा, इतक्याच जागेतून पोरगी श्वास घेऊन राहिली. झोपली की तेही मिटते," दीपमाला म्हणाली. मी त्या रेघेकडे बघतच राहिले. किती वेळ थांबतं, तिने विचारलं. मी सांगितलं, जास्तीत जास्त चौदा, कुशीवर नऊ, सर्दीत जास्त. ती माझ्याकडे बघून हसली. "तू तशीच आहेस अजून. मोजत बस. पण मले आकडे नको, झोपेतला व्हिडिओ पाठव." मग तिने नीट समजावलं. शस्त्रक्रिया लहान असते, बेशुद्ध करून तोंडातूनच करतात, बाहेर चिरा नाही. काढलं नाही तर वाढ खुंटते, अभ्यास मागे पडतो, पुढे हृदयावरही ताण येऊ शकतो. "घाबरू नको, पण बसूनही राहू नको. दोघांच्या सह्या आण." आचल तोपर्यंत खुर्चीतच झोपली होती, तोंड उघडं टाकून, आणि दीपमाला तिच्याकडे अगदी उघडपणे, हनुवटीवर हात टेकवून बघत होती. मला तिचा हेवा वाटला.

व्हिडिओ घेताना मी सापडले. दुपारच होती. मोबाईल उशीला टेकवून ठेवला होता, कूलर मुद्दाम बंद केला होता, आणि त्या उकाड्यानेच सासूबाई जाग्या झाल्या. आधी त्यांना कळेना मी काय करते आहे. मग कळलं तशा त्या गुडघ्यांवरच पुढे आल्या आणि मोबाईलवर तळहात ठेवला. "झोपल्या लेकराचा फोटू काढून रायली? शिकली सवरली बाई तू, आन हे करते?" मी म्हटलं, "आई, हिचा श्वास थांबतो. डॉक्टरीणबाईंना दाखवायचं आहे." मला वाटलं त्या विचारतील, थांबतो म्हणजे कसा. त्यांनी विचारलं नाही. उठल्या, मीठ-मोहऱ्या-मिरच्या आणून आचलवरून ओवाळल्या, मागच्या दारात जाळल्या. घरभर ठसका झाला, आणि त्या ठसक्यात आचल गुदमरून उठली ते बघून माझा तोल सुटला. मी नको ते बोलले. तुमच्या या नजरेच्या खुळापायी माझी पोरगी मरेल, असं बोलले. ऑपरेशन करायचं ठरलंय, हेही त्याच तावात सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "तिले सुंगवून झोपवनार, चिरनार. माह्या घरात नाही होनार ते." त्या रात्री गजेंद्रने मला सांगितलं, आई हो म्हनन तवा सही करीन, तोवर मले नको विचारू. दीपमालाने पुढच्या मंगळवारची तारीख दिली होती. व्हिडिओ तेवढा पुरा झाला होता, चार मिनिटं आणि काही सेकंद, शेवटी अंधार, सासूबाईंच्या तळहाताचा.

चार दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. मला वाटलं होतं मी चिडलेली असेन, पण चिडण्यापेक्षा मी विचारच करत होते. त्यांनी विचारलं का नाही? माणसाला श्वास थांबतो म्हटलं की तो विचारतोच, कधीपासून, किती वेळ. न विचारणारा माणूस एक तर मूर्ख असतो किंवा त्याला उत्तर माहीत असतं, आणि सासूबाई मूर्ख नाहीत. डोक्यात हे घोळत होतं, पण तोंडातून काढायची हिंमत नव्हती. एकट्या माझ्या सहीवर करता येईल का, हे मी दीपमालाला विचारून ठेवलं होतं. येईल म्हणाली, पण मग त्या घरात परत कशी जाशील, ते पाहून घे.

रविवारी सकाळी आचल समोरच्या घरी खेळायला गेली होती. मी ओट्यावर बसून तिच्या शाळेच्या वह्यांना कव्हर घालत होते. सासूबाई आतून आल्या, माझ्याशेजारी बसल्या. म्हणाल्या, "त्या मोबाईलात तुहं ते काय हाय, मले दाखव." मी त्यांच्याकडे बघितलं तशा म्हणाल्या, "ते थोडीच झोपलेली हाय आता. तिकडं खेळून रायली. मोबाईलातलं पायलं तं काई होत नाही." हा तोडगा त्यांनी चार दिवस शोधला असावा. मी व्हिडिओ लावला आणि मोबाईल त्यांच्या हातात दिला. चष्मा नव्हता म्हणून त्यांनी तो हातभर लांब धरला. आचल घोरत होती. मग थांबली. मी सवयीने मनात मोजायला लागले आणि मला दिसलं की सासूबाईंचं बोट गुडघ्यावर टेकतं आहे, उचलतं आहे, टेकतं आहे, माझ्या मोजण्याच्या बरोबरीने. दहाला त्या म्हणाल्या, "आता घेते." आणि आचलने घेतला. पुढच्या खेपेला बोट तसंच चाललं. "आता घेते," त्या म्हणाल्या, आणि घेतला. तिसऱ्यांदाही. मी इतके दिवस बघत होते, तरी मला कधी ते आधी सांगता आलं नव्हतं.

"आई, तुम्हाला कसं कळतं?" मी विचारलं. त्या मोबाईलवरून नजर न काढता बोलल्या. "गजूच्या आंधी मुन्ना होता. चार म्हैन्याचा. त्याचंबी असंच होतं. मी पायत बसो. काम टाकून पायत बसो. कवा थांबते, कवा घेते, मले समदं पाठ झालं होतं. कोनाले सांगितलं नाही, मले वाटलं लेकरं असेच झोपत असतीन." व्हिडिओ चालूच होता. "एक डाव नाही घेतला. मी म्हनो आता घेते, आता घेते." त्यांचं बोट गुडघ्यावर थांबलेलं होतं. "सासू म्हने, तू पायत होती म्हून गेला. साऱ्या बायांमंधी म्हने. गजूले हे माईत नाही." अकरा वर्षं मी या घरात आहे, मुन्नाचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. त्याला नेमकं काय झालं होतं, आचलसारखंच होतं की वेगळंच काही, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. पण मला एवढं स्पष्ट दिसत होतं की त्या घरात त्या लेकराकडे नीट बघणारं एकच माणूस होतं आणि दोष त्याच माणसावर आला. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "आई, तुम्ही पाहिलं म्हणून नाही गेला तो." पंचेचाळीस वर्षं मुरलेली गोष्ट माझ्या एका वाक्याने निघणार नव्हती, हे मलाही कळत होतं. त्यांनी पदराने मोबाईलची काच पुसली, तिच्यावर काही पडलं होतं.

मग त्यांनी मला गजेंद्रला फोन लावायला सांगितला. दुकानात मोटार चालू होती, त्याला नीट ऐकू जात नव्हतं, त्यामुळे त्यांना ओट्यावरून ओरडून सांगावं लागलं, सही कर म्हून, मी सांगतो म्हून. दोनदा सांगावं लागलं. फोन माझ्या हातात देऊन त्या उठल्या, दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. "मंगळवारी मीबी येईन अमरावतीले," त्या म्हणाल्या. "तिले सुंगवतीन, झोपवतीन. तवा कोनी तं पायत रायलं पायजे."

ऑपरेशनच्या वेळी आत घरच्यांना सोडत नाहीत, हे मी त्यांना सांगितलं नाही. म्हटलं, "या."